'कोटी आणले' की कोटी कमावले? चेंबरलेनचं बर्मिंगहॅम आणि आजचे ब्रिटिश खासदार

हिशेबनीस

बर्मिंगहॅमच्या कलादालनात एक वाक्य कोरलेलं आहे. 'उद्योगाच्या कमाईतून आम्ही कलेला बळ देतो' असा साधारण अर्थ. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, असेल कुणी दानशूर कारखानदार, दिली असेल देणगी. पुढच्या खेपेला कळलं की हा उद्योग म्हणजे पालिकेचा गॅस! १८८५ साली उघडलेली ही इमारत पालिकेच्या गॅस समितीच्या पैशातून उभी राहिली. खाली समितीची कचेरी, वर चित्रं. गावात दिवे जळत होते आणि त्यांच्या बिलांवर वरचा मजला चढत होता.

तेव्हापासून जोसेफ चेंबरलेन डोक्यातून जात नाही. आपल्याला चेंबरलेन म्हटलं की छत्रीवाला पंतप्रधान नेव्हिल आणि त्याचा १९३८ चा हिटलरशी केलेला म्युनिक करार आठवतो. हा त्याचा बाप. लंडनचा मुलगा, १८५४ मध्ये अठराव्या वर्षी आत्याच्या यजमानांच्या स्क्रूच्या कारखान्यात हिशेब बघायला बर्मिंगहॅमला आला. वीस वर्षांत एवढा पैसा केला की १८७४ मध्ये धंद्यातून मोकळा झाला. तोवर राजकारणात उतरलाही होता. १८६९ मध्ये नगरसेवक, १८७३ मध्ये महापौर, १८७६ मध्ये खासदार. मधल्या तीन वर्षांत या माणसाने गाव पालटून टाकलं. (गावच म्हणायचं. बर्मिंगहॅमला 'सिटी'चा दर्जा १८८९ साली मिळाला. तेव्हा वस्ती मात्र साडेतीन लाखांच्या घरात.)

त्याने काय केलं, तर आधी कमाईचं साधन हातात घेतलं. गावात दोन खासगी गॅस कंपन्या होत्या. एकमेकींच्या शेजारी रस्ते खणायच्या, नळ टाकायच्या. १८७५ मध्ये पालिकेने कर्ज काढून दोन्ही विकत घेतल्या, जवळजवळ २० लाख पौंडांना. पालिकेचं सगळं आयुष्य काटकसरीत गेलेलं, घरपट्टी पैभर वाढवायची तर दुकानदार नगरसेवक कपाळाला हात लावायचे, अशा ठिकाणी हा आकडा! पहिल्याच वर्षी ३४,००० पौंड नफा झाला. मग पाणी. खासगी पाणी कंपनी साडेतेरा लाखांना घेतली. इथे त्याने एक फरक केला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो: गॅसवर नफा घ्यायचा, पाण्यावर नाही. गावातल्या विहिरी घाण झालेल्या, रोगराई त्यातूनच. स्वच्छ पाणी हे आरोग्याचं काम, त्यात जी शिल्लक पडेल ती दर उतरवायला वापरायची. आणि तिसरं, गावाच्या मध्यावरची बकाल वस्ती पाडून नवा रुंद रस्ता, कॉर्पोरेशन स्ट्रीट. जमीन विकली नाही, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, म्हणजे पुढे सगळं पालिकेकडे परत.

खासदार होताना त्याने एका मित्राला पत्रात लिहिलं होतं, की गावाला आता बागा, फरसबंदी, न्यायालय, बाजार, गॅस, पाणी आणि सुधारणा हे सगळं मिळालेलं असेल, तीन वर्षांच्या कामाचं हे फळ. इंग्रजीत ते सगळे शब्द क्रियापदं करून एका दमात लिहिलेत, फुशारकी ओसंडून वाहते. पण खोटी नाही.

आता धागा काढायचं कारण. सध्याच्या ब्रिटिश खासदारांची पत्रकं बघतो. सगळ्यांत एक वाक्य ठरलेलं: 'मी आपल्या गावासाठी अमुक कोटी पौंड आणले.' २०१९ मध्ये ३६० कोटी पौंडांचा 'टाउन्स फंड' जाहीर झाला, १०१ गावांना प्रस्ताव द्या म्हणून बोलावलं, एकेका गावाला साधारण अडीच कोटींपर्यंत. त्यासाठी गावोगावी मंडळं बसवली, त्यात स्थानिक खासदारही. मग 'लेव्हलिंग अप फंड', तो ४८० कोटींचा. त्याच्याही फेऱ्या, त्याचेही अर्ज. क्रियापद बघा: *आणले*. चेंबरलेनने आणले नव्हते, कमावले होते. आजचा स्थानिक पुढारी कितीही कर्तबगार असो, तो मुळात अर्जदार आहे. माझं म्हणणं एवढंच.

मतं यावीत. राष्ट्रीय राजकारणात हा माणूस पुढे काय झाला तेही बोलू, ते प्रकरण वेगळंच आहे.

टांगेवाला

वाचनखूण साठवली. गॅस कंपनी घ्यायची कल्पना स्क्रूवाल्यालाच सुचावी, यात मजा आहे. स्क्रूच्या धंद्यातही त्याने लहान लहान कारखानदारांना विकत घेऊन किंवा बाजारातून उठवून जवळजवळ मक्तेदारी केली होती ना?

हिशेबनीस

हो, अगदी. मक्तेदारीत पैसा कसा असतो हे त्याला आतून माहीत होतं. त्याचं तत्त्वच होतं की कायद्याने मक्तेदारी द्यायचीच असेल तर ती लोकांच्या प्रतिनिधींच्या हातात असावी. चोराला चोराच्या वाटा म्हणा हवं तर.

पाठराखीण

लेख छान आहे, पण 'बकाल वस्ती पाडून' हे तीन शब्द फार चटकन ओलांडलेत. त्या वस्तीत माणसं राहत होती. ती कुठे गेली?

चष्मिष्ट

थोडं पाणी घालतो.

एक, हे काही चेंबरलेनचं डोकं नव्हतं. मँचेस्टरमध्ये सार्वजनिक गॅस १८१७ पासून होता. ग्लासगोने लॉक कॅट्रिन तळ्याचं पाणी १८५९ मध्ये आणलं, उद्घाटनाला खुद्द व्हिक्टोरिया राणी. वस्त्या पाडून रस्ते करण्यासाठी ग्लासगोने १८६६ मध्येच स्वतःचा कायदा करून घेतला, १८६९ मध्ये गॅसही घेतला. बर्मिंगहॅम उशिरा जागं झालं आणि मग डांगोरा जास्त पिटला.

दोन, कॉर्पोरेशन स्ट्रीट ज्या कायद्याखाली झाला तो १८७५ चा 'कारागीर व मजूर घरं सुधारणा कायदा'. तो आणला डिझरायलीच्या टोरी (म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह) सरकारच्या गृहमंत्र्याने, रिचर्ड क्रॉसने. चेंबरलेन तेव्हा कडवा रॅडिकल, म्हणजे लिबरलांमधला जहाल. विरोधकांच्या कायद्यावर स्वार होऊन स्वतःचं नाव केलं. यात वाईट काही नाही, पण 'स्वतःच्या बळावर' वगैरे म्हणताना लक्षात असू द्या. जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार संसदेनेच दिला होता. गॅस आणि पाणी घ्यायलाही संसदेचे कायदे लागलेच. म्हणजे अर्जदार तोही होता.

हिशेबनीस

ग्लासगो मान्य, लिहायला हवं होतं. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुमची गल्लत होतेय. अधिकार मागणं वेगळं आणि पैसे मागणं वेगळं. संसदेकडून त्याने परवानगी घेतली, कर्ज गावाच्या नावावर काढलं. परवानगी एकदा मिळाली की नफा दर वर्षी येत राहतो. अनुदान एकदा येतं आणि त्याच्या अटी मात्र मागे राहतात.

मध्यरात्रीचा_वाचक

या सगळ्यामागे पाद्री होते हे कुणी लिहिलं नाही म्हणून. जॉर्ज डॉसन आणि आर. डब्ल्यू. डेल. दोघंही अधिकृत चर्चच्या बाहेरचे धर्मोपदेशक. रस्ता, गटार, वाचनालय हीसुद्धा ईश्वराचीच कामं आहेत आणि नगरसेवक होणं हे पुण्यकर्म आहे, असं ते रविवारच्या प्रवचनात सांगायचे. त्याआधी बर्मिंगहॅमच्या पालिकेत बरे लोक जातच नसत. डेल-डॉसन यांनी व्यापाऱ्यांना लाज वाटायला लावली. चेंबरलेन स्वतः युनिटेरियन, त्या वर्तुळातलाच. पुढारी एकटा उगवत नाही, त्याला जमीन कुणीतरी नांगरून ठेवलेली असते.

टांगेवाला

+१. आणि पक्षयंत्रणाही. १८६७ च्या मताधिकार सुधारणेने बर्मिंगहॅमला तीन जागा मिळाल्या, पण मतदाराला मतं दोनच. अल्पमतवाल्यांना एक जागा मिळावी म्हणून ही युक्ती. बर्मिंगहॅमच्या लिबरलांनी काय केलं, तर वॉर्डावॉर्डात ठरवून दिलं की या वॉर्डाने कुणाला मत द्यायचं आणि त्या वॉर्डाने कुणाला. मतं अशी वाटली की १८६८ मध्ये तिन्ही जागा यांच्याच! 'सांगतो तसं मत द्या' हा उघड नारा. तीच यंत्रणा १८७७ मध्ये देशपातळीवर नेऊन नॅशनल लिबरल फेडरेशन काढली. चेंबरलेन अध्यक्ष.

वॉर्डातल्या मतांचं गणित मांडणारा माणूस दहा वर्षांत देशाचं गणित मांडायला लागला.

उत्तरेचा_वारा

हिशेबनीस, तुमच्या चित्रात उजेड फार आहे. दुसरं टोक दाखवतो.

न्यूकॅसल. टी. डॅन स्मिथ. रंगाऱ्याचा धंदा, लेबर पक्ष, १९६० ते ६५ नगरपालिकेचा नेता. याचंही स्वप्न गाव पालटायचंच. न्यूकॅसलला 'उत्तरेची ब्राझिलिया' करायचं. बकाल वस्त्या पाडल्या, उंच इमारती उठल्या, रस्ते आले. लोक त्याला 'मिस्टर न्यूकॅसल' म्हणायचे. कामाचा झपाटा खोटा नव्हता. पण जॉन पूलसन नावाच्या वास्तुरचनाकाराशी पैशाचे व्यवहार गुंतले, ठिकठिकाणच्या पालिकांची कामं पूलसनला मिळवून देण्यासाठी. १९७४ मध्ये स्मिथने गुन्हा कबूल केला, सहा वर्षांची शिक्षा झाली.

गंमत म्हणजे तो अर्जदार नव्हता. दिल्याघेतल्याशिवाय हलत नाही असं ज्याला वाटतं असा कर्ता पुरुष होता. गावाच्या नूतनीकरणात एवढी जमीन आणि एवढी कंत्राटं एका माणसाच्या हातून जातात की तो माणूस स्वच्छ निघाला तर ते नशीब, व्यवस्था नव्हे. चेंबरलेनच्या बाबतीत बर्मिंगहॅमचं नशीब होतं.

चष्मिष्ट

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात चेंबरलेन घराण्याच्या कंपन्यांना सरकारी कंत्राटं मिळतात म्हणून लॉइड जॉर्जने संसदेत रान उठवलं होतं. त्यामुळे 'स्वच्छ' या शब्दाजवळ जरा थांबा. खिशात पैसे घातले असं सिद्ध झालं नाही हेही खरं.

बोरूबहाद्दर

अवांतर: त्याच लॉइड जॉर्जने डिसेंबर १९०१ मध्ये चेंबरलेनच्या गावात, बर्मिंगहॅम टाउन हॉलमध्ये, युद्धाविरुद्ध भाषण करायचं धाडस केलं. हजारोंचा जमाव चालून आला, खिडक्या फोडल्या. शेवटी पोलिसाचा गणवेश अंगावर चढवून त्याला मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं. पुढचा पंतप्रधान हवालदाराच्या टोपीत!

पाठराखीण

टोपी मजेशीर आहे. माझा प्रश्न अजून तसाच आहे.

हिशेबनीस

येतो, येतो. आधी राष्ट्रीय प्रश्नांचं कबूल केलं होतं ते लिहितो, कारण बोरूबहाद्दरांनी दार उघडलंच आहे.

माझी समजूत अशी: चेंबरलेन राष्ट्रीय राजकारणातही महापौरच राहिला. चांगल्या अर्थानेही आणि वाईटही. चांगलं उदाहरण १८८६ चं. जेमतेम दोन महिने स्थानिक स्वराज्य खात्याचा मंत्री होता. त्यात मार्चमध्ये एक परिपत्रक काढलं, की बेकारी वाढली असताना धडधाकट कामगाराला भिक्षागृहाच्या दारात उभं करू नका, पालिकांनी सार्वजनिक कामं काढून मजुरी द्यावी. ही कल्पना ज्याने पालिकेतलं मस्टर पाहिलंय त्यालाच सुचते. १८९७ चा कामावर जखमी होणाऱ्या कामगारांच्या भरपाईचा कायदाही त्याच्याच रेट्यामुळे झाला, तोसुद्धा तो वसाहतींचा मंत्री असताना, म्हणजे खातं भलतंच!

परिपत्रकानंतर काही दिवसांत त्याने राजीनामा दिला. कारण आयर्लंड. ग्लॅडस्टनचं होमरूल त्याला नको होतं. आयर्लंडला पालिका आणि जिल्हा मंडळं कितीही द्या, वेगळी संसद नको. म्हणजे त्याच्या लेखी आयर्लंड हे एक मोठं बर्मिंगहॅम होतं, गॅस-पाणी दिलं की शांत होणारं. लिबरल पक्ष फुटला. हा जाऊन शेवटी टोरींच्या मांडीला मांडी लावून बसला. १९०३ मध्ये मुक्त व्यापार सोडून साम्राज्याबाहेरच्या मालावर जकात लावा म्हणून उठला आणि टोरीही दुभंगले. दोन पक्ष एकाच माणसाने फोडायचे, हा विक्रम कुणाच्या नावावर असेल तर याच्या.

आणि गाव? गाव सगळीकडे त्याच्या मागे गेलं. १९०६ मध्ये देशभर त्याची आघाडी आडवी झाली, बर्मिंगहॅमच्या सातही जागा मात्र शाबूत. त्याच जुलैत सत्तरावा वाढदिवस गावाने धूमधडाक्यात साजरा केला आणि लगेच काही दिवसांत त्याला पक्षाघात झाला. पुढची आठ वर्षं नीट बोलता आलं नाही. जुलै १९१४ मध्ये गेला.

मध्यरात्रीचा_वाचक

'आयर्लंड म्हणजे मोठं बर्मिंगहॅम' हे पटलं. याच्यापुढची कडी दक्षिण आफ्रिकेत आहे. १९०२ च्या अखेरीस वसाहतमंत्री म्हणून चेंबरलेन तिकडे दौऱ्यावर गेला. नाताळच्या हिंदी लोकांनी गांधीजींना तार करून भारतातून परत बोलावून घेतलं, ते याच भेटीसाठी. डर्बनमध्ये गांधीजी शिष्टमंडळ घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. उत्तर काय मिळालं? स्वराज्य असलेल्या वसाहतींवर आमचं फारसं चालत नाही, तुम्ही गोऱ्यांशी जुळवून घ्या. प्रिटोरियात तर शिष्टमंडळातून गांधीजींचं नावच कापलं गेलं.

स्थानिक स्वराज्याचा एवढा मोठा कैवारी. ते स्वराज्य कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या मानेवर आहे, एवढंच त्याने विचारलं नाही. गांधीजी मात्र त्या फेरीत आफ्रिकेतच राहिले, पुढचं सर्वांना माहीत आहे. बर्मिंगहॅमच्या जवाहिऱ्यांच्या पेठेत त्या दौऱ्याची आठवण म्हणून घड्याळाचा मनोरा उभारलाय, १९०३ चा. पर्यटक त्याच्यापाशी फोटो काढतात.

टांगेवाला

त्या मनोऱ्याचा इतिहास असा माहीत नव्हता. तिथून दोनदा गेलोय.

शिळोप्याचा_गडी

मला वाटतं आपल्याकडच्या पालिकांनीही…

संपादक मंडळ

आपल्याकडच्या पालिकांसाठी कृपया वेगळा धागा काढावा. तिथे लोक एकमेकांची डोकी फोडतात आणि मूळ विषय राहून जातो.

शिळोप्याचा_गडी

बरं. 🙂

सात_समुद्र

बर्मिंगहॅमजवळ दहा वर्षं राहतोय. धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला पुरवणी जोडतो, कारण तो मुद्दा मधेच पोलिसाच्या टोपीखाली दडला.

चेंबरलेनच्या वाटेने जे जे पालिकेच्या हातात आलं ते ते पुढे काढून घेतलं गेलं. पालिकेची वीज १९४८ मध्ये राष्ट्रीय झाली, गॅस १९४९ मध्ये. हे लेबरने केलं, चांगल्या हेतूने, देशभर एकसारखी सेवा मिळावी म्हणून. पाणी १९७४ मध्ये पालिकेकडून काढून प्रादेशिक मंडळाकडे दिलं, हे टोरी सरकारच्या कायद्याने. १९८९ मध्ये ते मंडळ खासगी झालं. मग उरली घरपट्टी. थॅचरबाईंनी १९८४ च्या कायद्याने तिच्यावर मर्यादा घातली, १९९० मध्ये दुकान-कारखान्यांवरच्या पट्टीचा दर ठरवायचा अधिकारही लंडनला गेला. आज इंग्लंडमधल्या पालिकेला ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त कर वाढवायचा तर गावात सार्वमत घ्यावं लागतं.

म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून महापौराच्या हातातली एकेक किल्ली काढून घेतली आणि वर विचारतात, गावं मरगळली का?

सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम पालिकेने 'कलम ११४'ची नोटीस काढली. खर्च भागत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. पुढच्या महिन्यात लंडनहून आयुक्त येऊन बसले. ज्या गावाने पालिका कशी चालवावी हे जगाला शिकवलं त्या गावात!

चष्मिष्ट

हे मात्र अर्धवट सांगू नका. कलम ११४ मागे लंडनने कापलेलं अनुदान जसं आहे तसे पालिकेचे स्वतःचे पराक्रमही आहेत. समान कामाला समान पगार दिला नाही, बायकांना वर्षानुवर्षं कमी दिलं, त्याची थकबाकी. तेव्हा ती ६५ ते ७६ कोटी पौंड असावी असा अंदाज सांगितला गेला, पुढे त्या आकड्यावर वाद झाले. शिवाय हिशेबाची नवी संगणक प्रणाली बसवायला गेले आणि हिशेबच कळेनासा झाला. पालिकेच्या हातात गॅस असता तर हे टळलं असतं? मला नाही वाटत. गॅस कंपनीचेही पगार चुकवले असते.

सात_समुद्र

मान्य. पण ७६ कोटींचा खड्डा भरायला स्वतःची कमाई असलेली पालिका आणि फक्त मालमत्ता विकू शकणारी पालिका, यात फरक आहे की नाही?

चष्मिष्ट

आहे.

(नोंद करून ठेवा, मी सहमत झालोय.)

बोरूबहाद्दर

🍿

उत्तरेचा_वारा

अनुदानाच्या अर्जांबद्दल. संसदेच्या लोकलेखा समितीने २०२० मध्ये टाउन्स फंडाच्या निवडीवर कोरडे ओढले होते. अधिकाऱ्यांनी गावांची गरजेनुसार क्रमवारी लावली होती, ५४१ गावांची. वरची घेतली, मग मंत्र्यांनी खालच्यांतून निवडली. चेडल नावाचं गाव ५३५ व्या क्रमांकावर होतं, तेही यादीत आलं. जानेवारी २०२३ मध्ये लेव्हलिंग अपची दुसरी फेरी जाहीर झाली तेव्हा तर वेस्ट मिडलंड्सचा महापौर अँडी स्ट्रीट, म्हणजे तेव्हाच्या सरकारच्याच पक्षाचा माणूस, जाहीरपणे म्हणाला की ही भिकेची झोळी फिरवायची पद्धत बंद करा. बर्मिंगहॅमच्या महापौरानेच हे म्हणावं, याला काय म्हणायचं?

हिशेबनीस

त्याचं पद वेगळं हं. तो तेव्हा पूर्ण विभागाचा महापौर होता, शहराचा लॉर्ड मेयर वेगळा आणि तो शोभेचा. पण हो, मी हा धागा काढला तेव्हा तेच डोक्यात होतं.

अर्धी_भाकरी

मी वेगळ्या बाजूने बोलते. तुम्ही सगळे खासदाराला महापौराच्या मापाने मोजताय. आजच्या ब्रिटिश खासदाराकडे गावाच्या कामाचा एक पैशाचा अधिकार नसतो. पालिका त्याच्या हाताखाली नाही, बऱ्याचदा विरोधी पक्षाची असते. त्याच्याकडे काय आहे? मतदारसंघातली आठवड्याची बैठक, जिथे लोक घराची ओल आणि अडलेला व्हिसा घेऊन येतात. मंत्र्याला लेखी प्रश्न. आणि दिवसाचं कामकाज संपताना अर्ध्या तासाची चर्चा, जिच्यात एक खासदार आपल्या गावच्या बंद पडलेल्या बाजारपेठेबद्दल बोलतो, एक उपमंत्री कागद बघून उत्तर देतो, आणि बाकी सभागृह रिकामं. ते भाषण रेकॉर्डवर जातं, गावातलं वर्तमानपत्र छापतं.

याला हसू नका. पैसे हाताशी नसलेल्या माणसाचं हत्यार आवाज हेच असतं. 'आणले' हे क्रियापद म्हणूनच येतं, दुसरं कुठलं त्याला परवडत नाही.

आणि कधी कधी गावाचं काम गावाबाहेरचा माणूस करतो. मायकेल हेसल्टाइन. टोरी, मतदारसंघ ऑक्सफर्डशायरमधला सुखवस्तू हेन्ली. जुलै १९८१ मध्ये लिव्हरपूलच्या टॉक्सटेथमध्ये दंगल पेटली. हा पर्यावरणमंत्री. तिथे जाऊन दोन-तीन आठवडे राहिला, बँका-विमा कंपन्यांच्या बड्या लोकांना बसमध्ये घालून पडक्या गोदीतून फिरवलं. परत येऊन पंतप्रधानांना टिपण दिलं, शीर्षकच असं की 'यासाठी दंगल व्हावी लागली'. तीस वर्षांनी कागद खुले झाले तेव्हा कळलं की अर्थमंत्री जेफ्री हाऊ त्याच सुमारास सुचवत होते, लिव्हरपूलवर पैसा ओतण्यापेक्षा त्याची घसरण शिस्तीत होऊ द्यावी. हेसल्टाइनने ऐकलं नाही. १९८४ चा उद्यान महोत्सव, पुढे अल्बर्ट डॉक, १९८८ मध्ये तिथे टेट कलादालन. लिव्हरपूलमध्ये टोरींना मतं मिळेनाशी झाली होती, तरी २०१२ मध्ये त्या शहराने याला मानाचं नागरिकत्व दिलं.

त्याने एक मत मिळवण्यासाठी हे केलं नाही, कारण मिळणारच नव्हतं.

टांगेवाला

अर्धी_भाकरी, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. बँकवाल्यांची बस हे दृश्यच भारी आहे.

उत्तरेचा_वारा

पण गोदीच्या कामासाठी जे विकास महामंडळ नेमलं त्यात निवडून आलेल्या पालिकेचं काही चालत नव्हतं. पुन्हा तेच. गावासाठी, पण गावाला बाजूला ठेवून. टॉक्सटेथच्या पोरांना त्या डॉकवर नोकऱ्या किती लागल्या हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

पाठराखीण

बरोबर, आणि हाच प्रश्न मी वर दोनदा विचारलाय. कुणी उत्तर देत नाही म्हणून मीच शोधलं.

कॉर्पोरेशन स्ट्रीटच्या कायद्याचं नावच 'कारागीर व मजुरांची घरं'. कायद्यात अपेक्षा होती की पाडलेल्या घरांच्या बदल्यात मजुरांना घरं मिळावीत. बर्मिंगहॅमने बाजू मांडली की गावात इतरत्र पुरेशी घरं रिकामी आहेत. त्या जागेवर मजुरांची घरं उभी राहिली नाहीत, दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं आणि पुढे लाल टेराकोटाची न्यायालयाची इमारत उभी राहिली. सगळं एकदम पाडलंही नाही. काही जुनी घरं पालिकेने डागडुजी करून भाड्याने चालवली, म्हणजे बकाल वस्तीची मालक काही काळ स्वतः पालिकाच. पालिकेने मजुरांसाठी स्वतः बांधलेली पहिली घरं आली १८९० च्या सुमारास, रायडर स्ट्रीटवर. किती? बावीस.

माणसं आसपासच्या वस्त्यांत गेली, जिथे आधीच दाटी होती. पाडलेल्या गल्ल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण घसरलं म्हणून पुढे अभिमानाने आकडे दिले गेले. घसरणारच. मरणारी माणसं शेजारच्या वॉर्डात राहायला गेली होती.

मागच्या वर्षी मी हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जुनी घरं बघायला गेले होते. पाठीला पाठ लावून बांधलेली घरं, एका खोलीवर एक खोली, मधे अंगण. अंगणात धुणीघर सगळ्यांचं एक, संडास सगळ्यांचे मिळून. गावभर अशी हजारो होती. आता हा एकच वाडा राखून ठेवलाय, २००४ पासून लोकांना दाखवतात. तिथे १९६० च्या दशकापर्यंत माणसं राहत होती. चेंबरलेन महापौर होऊन नव्वद वर्षं झाली होती तेव्हा. अंगणातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की कॉर्पोरेशन स्ट्रीट लागतो.

पाणी मात्र या अंगणापर्यंत आलं होतं, पालिकेचंच. एवढं श्रेय मी देते. तेही वेल्समधल्या एलान खोऱ्यातून, १९०४ पासून, सुमारे ७३ मैल नुसत्या उतारावरून वाहत. तिथेही धरणाखाली शंभरेक माणसांची घरं गेली. भरपाई जमीनमालकांना मिळाली, कुळांना नाही.

मध्यरात्रीचा_वाचक

एलानचं माहीत होतं, कुळांचं नव्हतं. धन्यवाद.

चष्मिष्ट

१८८३ मध्ये चेंबरलेनने मजुरांच्या घरांवर लांबलचक लेख लिहून जमीनमालकांना झोडपलं होतं. स्वतःच्या रस्त्याचं काम सुरू झाल्यानंतर पाच वर्षांनी. हिशेबनीस, काय म्हणता?

हिशेबनीस

काय म्हणणार? गॅसचा हिशेब मी मांडला, घरांचा मांडला नव्हता. 'आणले' आणि 'कमावले' मधला फरक मला अजूनही खरा वाटतो, पण कमावलेलं कुणावर खर्च झालं हा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

पहिल्या लेखात 'गाव पालटून टाकलं' आहे, तिथे 'गावाचा मध्य' असं वाचावं. मी बदलायला गेलो, पण संपादनाची मुदत संपली आहे.